एक जूनच्या जुळ्या

"शून्य लिहा," साहेब म्हणाले. "रिक्त पदं शून्य. चारच्या आत मुख्यालयाला गेलं पाहिजे."

तक्तेबाईंनी हातातले खोडरबर खाली ठेवले. "उद्या सकाळी एकशे अठरापैकी त्रेचाळीस केंद्रांवर नर्स नसणार, साहेब. शून्य कसं लिहू?"

"नसणार कशी? उरलेल्या पंच्याहत्तर जणींना अतिरिक्त कार्यभार द्या. प्रत्येक जागेपुढे एक नाव आलं, की जागा रिक्त राहत नाही. आता हे मी तुम्हाला शिकवायचं का?"

शिकवायची गरज नव्हती. याआधीच्या चार साहेबांना ही युक्ती तक्तेबाईंनीच शिकवली होती. आरोग्य कार्यालयाच्या आस्थापना शाखेत त्यांची चौतीस वर्षे गेली होती, आणि त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर एकशे अठरा ओळींचा तो मोठा तक्ता होता, ज्याच्यामुळे त्यांचे खरे नाव सगळे विसरून गेले होते. डावीकडे आरोग्य केंद्रे, उजवीकडे तिथल्या नर्सचे नाव. नाव नेहमी पेन्सिलीने. कुणी रजेवर गेली, कुणाची बदली झाली, कुणी आजारी पडली, की तक्तेबाई खोडरबर घेऊन उठायच्या आणि इकडची तिकडे करून जागा भरून काढायच्या. इतक्या वर्षांत खोडून खोडून कागद काही ठिकाणी कापडासारखा मऊ झाला होता. कोणी अडचणीत आले की पहिला फोन त्यांना, आणि त्यांचे उत्तर ठरलेले, "घेते जुळवून." याचा त्यांना पूर्वी अभिमान वाटायचा. आज सकाळपासून त्यांना स्वतःच्याच या दोन शब्दांचा राग येत होता.

साहेब आपल्या खोलीत गेले आणि बाई तक्त्यापुढे उभ्या राहिल्या. त्रेचाळीस जणी एकाच दिवशी निवृत्त, हे ऐकून बाहेरच्या माणसाला वाटावे की काही साथ आली किंवा संप झाला. तसले काही नव्हते. त्रेचाळीसही जणींची जन्मतारीख एकच होती, एक जून. वर्षही तेच. त्या काळी पोराला शाळेत आणले, की मास्तर त्याच्याकडे एकदा बघायचे, हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते पाहायचे आणि दाखल्यावर शाळा उघडायच्या दिवसाची तारीख टाकून मोकळे व्हायचे. वय सहा पूर्ण, जन्म एक जून. आईबापांना तारखेशी देणेघेणे नव्हते आणि मास्तरांना घाई होती. मग ही सगळी एकाच मापाने कापलेली पोरे एकत्र मोठी झाली, एका मोठ्या भरतीत एकत्र नोकरीला लागली आणि आज एकतीस मे रोजी, कार्यालयीन वेळ संपल्यावर, एकत्र घरी जाणार होती.

म्हणजे हे संकट आभाळातून पडलेले नव्हते. प्रत्येकीच्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर ते तेहतीस वर्षे शाईने लिहिलेले होते. तक्तेबाईंनी पाच वर्षांपूर्वी पहिले पत्र पाठवले होते, की अमुक दिवशी त्रेचाळीस जागा एकदम रिकाम्या होतील, नर्स तयार व्हायला तीन वर्षे लागतात, तेव्हा भरती आत्ताच काढावी. उत्तर आले, माहिती विहित नमुन्यात सादर करावी. त्यांनी ती विहित नमुन्यात सादर केली. मग नमुना बदलला. त्यानंतर अकरा स्मरणपत्रे गेली, प्रत्येकाची जावक नोंद त्यांच्याकडे होती. अकरा वेळा कुणीतरी ती वाचली असतील, किंवा वाचली नसतील, आणि हे घोंगडे भिजत पडले ते पडलेच. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती याच्यासाठी. चूक झाली असती तर त्यांनी माफ केली असती. ही चूक नव्हती, हा निव्वळ आळस होता.

तरी त्यांनी पेन्सिल उचलली. सवय होती. नदीकाठच्या सिस्टरकडे आधीच तीन केंद्रे होती, तिच्या गळ्यात त्यांनी चौथे मारले, डोंगरावरचे. डोंगरावरचे नाव खोडताना त्यांचा हात क्षणभर थांबला, कारण ते नाव त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचे होते.

दहा मिनिटांत नदीकाठच्या सिस्टरचा फोन आला. ती कधी आवाज चढवत नसे, आजही चढवला नाही. तिने एवढेच विचारले, "बाई, मी कुठे जायचं ते तुम्ही कळवलंत. आता रोज सकाळी कुठे जायचं नाही, ते मी ठरवू की तेही तुम्हीच कळवाल?"

 बाई म्हणाल्या, "ठेव फोन, माझ्याकडे आत्ता वेळ नाही," आणि मग लाजेने त्यांचे कान गरम झाले.

अकराच्या सुमारास धाकटीचा फोन आला. घरात तिला सगळे छोटी म्हणत. ती बावीस वर्षे डोंगरावरच्या केंद्रात होती, केंद्राच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची आणि वर्षाला साठ-सत्तर बाळंतपणे करायची.

"ताई, माझा चार्ज घ्यायला कोण येतंय?"

"नदीकाठची."

"कधी पोचेल?"

"कागदावर पोचली आहे."

छोटी हसली. मग म्हणाली, "पहाटे एक पहिलटकरीण आलीये. कळा चांगल्या आहेत, पण संध्याकाळ होईल असं दिसतंय. कागदावरचीला बाळंतपण जमतं का गं?"

"छोटे, माझं नीट ऐक. साहेबांनी मला सकाळीच विचारलंय, तुमच्या भगिनी डोंगरावर एकट्याच असतात, घरी बसून काय करणार, थोडे दिवस बघतील की केंद्र. मी म्हटलं, तसं लेखी द्या. तर म्हणे, लेखी कशाला, सेवाभाव असतो. उद्या काही वाकडं झालं ना, तर हेच लोक हात वर करतील आणि विचारतील की ही बाई तिथे कोणत्या अधिकारात होती. साडेपाच वाजले की कुलूप लाव आणि किल्ली खाली पाठव."

"पहिलटकरणीला साडेपाचची वेळ सांगून ठेवू का?"

"चेष्टा करू नकोस."

"मी नाही करत," छोटी म्हणाली. "दोन वर्षं अजून मिळाली असती ना ताई, तर मी हाताखाली एखादीला तयार करून गेले असते."

ती हे सहज बोलली आणि तिने फोन ठेवला. तक्तेबाईंची नजर मात्र टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणाकडे गेली.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आपले टेबल रिकामे करायला घेतले, कारण चव्वेचाळिसाव्या त्या स्वतः होत्या. त्यांचीही तारीख एक जून, वर्षही तेच. कार्यालयात त्यावरून चेष्टा चालायची, की तक्तेबाई आणि छोटी या दोघी कागदावरच्या जुळ्या. एकीच्या लग्नाला तीस वर्षे झाली तेव्हा दुसरीलाही शुभेच्छा देऊन टाका, असले फालतू विनोद. खरे असे होते, की वडिलांनी दोघींना एकाच दिवशी शाळेत नेले. थोरली सात वर्षांची होती. धाकटी चारच वर्षांची, पण ताईशिवाय घरी राहीना, रडून घर डोक्यावर घेई. मास्तरांनी दोघींना एका बाकावर बसवले आणि दोघींना सहा-सहा वर्षांच्या करून टाकले. थोरलीचे एक वर्ष कमी झाले, धाकटीची दोन वाढली.

सगळ्यात खालच्या खणात, रद्दी झालेल्या परिपत्रकांच्या खाली, तो पिवळा पडलेला लिफाफा होता. तो तिथे आहे हे बाईंना ठाऊक होते. एकोणतीस वर्षे दर दिवशी ठाऊक होते.

नोकरीला चार वर्षे झाल्यावर छोटीने जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज केला होता. सोबत गावच्या जन्मनोंदीचा उतारा जोडला होता. अर्ज नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांच्या आत निकाली निघाला तरच दुरुस्ती होते, असा नियम. तिने तो टपालाने पाठवला नाही, ताईच्या हातात दिला, कारण ताई त्याच कार्यालयात. आणि ताईला त्या रात्री झोप आली नाही. जुळ्या नसलेल्या सख्ख्या बहिणींची एकच तारीख असू शकत नाही. धाकटीची दुरुस्त करायला काढली, की कुणीतरी विचारणार, मग थोरलीची खरी कोणती? थोरलीचे खरे वय काढले, तर ती भरतीच्या वेळीच वयोमर्यादेच्या बाहेर गेली होती. तिची नोकरी जाणार होती. पदरात दोन लहान मुले, नवऱ्याची कंपनी बंद पडलेली. तिने ठरवले, थोडे दिवस थांबू, मग पाठवू. थोडे दिवस करत छोटीच्या नोकरीची पाच वर्षे पूर्ण झाली. छोटीने विचारले तेव्हा ती म्हणाली, फेटाळला गं, काय करणार. छोटीने विश्वास ठेवला. अजून ठेवून होती.

बाईंनी लिफाफा पर्समध्ये टाकला. सकाळपासून त्या साहेबांवर, मुख्यालयावर, मेलेल्या मास्तरांवर चडफडत होत्या, आणि त्या सगळ्यांच्या रांगेत आपणही उभ्या आहोत हे त्यांना आता नाकारता येईना. राग त्याने कमी झाला नाही. उलट जास्तच भडकला.

तीन वाजता सभागृहात निरोप समारंभ झाला. नर्सना त्रेचाळीस आणि बाईंना एक, असे चव्वेचाळीस गुच्छ मागवले होते, नर्स आल्या एकोणीस. बाकीच्या आपापल्या केंद्रावर चार्ज घेणाऱ्याची वाट बघत बसल्या होत्या. उरलेले चोवीस गुच्छ भिंतीशी बादल्यांत ठेवले होते आणि शिपाई त्यांच्यावर पाणी मारत होता. साहेब बोलायला उभे राहिले. ते छान बोलायचे. म्हणाले, या भगिनींनी आपले आयुष्य वेचले. म्हणाले, त्यांचे ऋण फिटणार नाही. आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "यांच्या जाण्याने जी पोकळी निर्माण झाली आहे, ती कधीही भरून निघणार नाही."

एकोणीस जणींपैकी काहींनी डोळ्यांना रुमाल लावला. तक्तेबाई उठल्या, आपला गुच्छ खुर्चीवर ठेवला आणि आपल्या खोलीत आल्या.

चारची वेळ उलटून गेली होती आणि शून्याचा कागद टेबलावर तयार पडला होता. खाली तयार करणाऱ्याची सही आणि तपासणाऱ्याची सही, दोन्ही व्हायच्या होत्या. बाईंनी तो फाडला. नवीन नमुना घेतला, पेन्सिल बाजूला सारली आणि पेनाने भरायला बसल्या. केंद्राचे नाव, कार्यरत नर्स: रिक्त. पुढचे केंद्र, रिक्त. त्रेचाळीस वेळा त्यांनी तो शब्द लिहिला, एकदाही वरीलप्रमाणे अशी खूण केली नाही. डोंगरावरच्या केंद्रापुढे लिहिताना कागद थोडा फाटेपर्यंत पेन दाबले गेले. मग तयार करणाऱ्याच्या जागी आपली सही केली आणि कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेबांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "हे काय आहे?"

"तुम्ही आत्ता सभागृहात म्हणालात, पोकळी भरून निघणार नाही. मी तेच लिहिलंय, आकड्यात."

"बाई, अहो ते भाषण होतं."

"मला माहीत आहे. चौतीस वर्षं तुमच्यासारख्यांची भाषणं ऐकली आणि त्यांचे कागद केले. पोटात बाळ घेऊन बाई डोंगर चढून येईल ना साहेब, तेव्हा तिला तुमच्या कागदावरचं नाव सापडणार नाही. मुख्यालयाला कळू द्या काय झालंय ते. पाच वर्षं मी कळवतेय, आज तुम्ही कळवा."

साहेब काही वाईट माणूस नव्हते. घाबरट होते, आणि घाबरट माणूस करतो तेच त्यांनी केले. कागद खणात ठेवला आणि आवाज मऊ केला. "आज भावनेच्या भरात आहात तुम्ही. उद्या सकाळी तासभर येऊन हे नीट करून द्या."

"उद्या मी निवृत्त आहे."

"मग करणार कोण?"

"माझ्या टेबलाचा अतिरिक्त कार्यभार तुम्ही आवक-जावकवाल्यांना दिलाय. ते महिनाभर रजेवर आहेत," तक्तेबाई म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

साडेपाच वाजले. कार्यालय रिकामे झाले. बाई पर्स घेऊन तक्त्याखाली बसून राहिल्या, कारण डोंगरावरून काही कळल्याशिवाय त्यांचा पाय निघत नव्हता. फोन आला तेव्हा सहाला सात मिनिटे होती. पलीकडून आधी बाळाचे रडणे ऐकू आले, खणखणीत.

"मुलगी," छोटी म्हणाली. दमली होती, पण आवाजात आनंद होता. "पाच सत्तेचाळीसला. दोघी ठीक आहेत. ताई, एक विचारायचं होतं. नोंदवहीत बाळंतपण करणाऱ्याची सही लागते. साडेपाचनंतर मी नर्स नाही. मग काय लिहू?"

उत्तर तक्तेबाईंच्या तोंडून आपोआप बाहेर पडले. "सव्वापाच लिही. बाकीचं मी घेते जुळवून."

पलीकडे बाळ रडत होते. 

"नको," छोटी म्हणाली. "माझी तारीख अशीच कुणीतरी जुळवून घेतली होती. मी हिची नाही जुळवणार. आल्याआल्या पोरीच्या नावावर खोटं कशाला?"

 आता नाही सांगितले तर कधीच सांगणार नाही, हे बाईंना समजले. "छोटे, तुझा अर्ज फेटाळला नव्हता. तो पुढे गेलाच नाही. माझ्या खणात होता. माझी नोकरी जाईल म्हणून मी भ्याले."

 मग छोटीचा आवाज आला, कोरडा, केंद्रातल्या परक्या माणसाशी बोलावे तसा. "बाळंतिणीची वार पडायची आहे अजून. ठेवते."

दुसऱ्या दिवशी एक जून. तक्तेबाई पहिल्या गाडीने निघाल्या. रस्ता संपतो तिथून अर्धा तास चढण होती. गुडघे कुरकुरत होते आणि खऱ्या वयाची एकोणसाठ वर्षे प्रत्येक वळणावर जाणवत होती. रस्ताभर त्यांनी मनात वाक्ये जुळवली, आणि ती जुळवताहेत हे लक्षात आल्यावर सोडून दिली.

छोटी केंद्राच्या पायरीवर बसली होती. पांढरा गणवेश नव्हता, घरातला जुना पोशाख होता. किल्ल्यांचा जुडगा मांडीवर. दाराला कुलूप होते. बाळंतीण आणि तिची मुलगी मागच्या दोन खोल्यांत, छोटीच्या स्वतःच्या पलंगावर झोपल्या होत्या.

बाईंनी लिफाफा पुढे केला. छोटीने अर्ज काढला, वाचला. तिचेच अक्षर होते, एकोणतीस, म्हणजे खरे तर सत्तावीस वर्षांची असतानाचे, गोल आणि टापटीप. तिने जन्मनोंदीचा उताराही वाचला.

"तू मला सांगायला हवं होतंस," ती म्हणाली. "नोकरी गेली असती तर मी पोसलं असतं तुम्हाला सगळ्यांना. तेवढं तरी तुला कळायला हवं होतं."

"हो."

"मला तुझा फार राग आलाय, ताई."

"येऊ दे."

 छोटी सरकली नाही, म्हणून बाई खालच्या पायरीवर बसल्या. ऊन हळूहळू अंगणात आले. तेवढ्यात फाटकाशी एक बाई दिसली, कडेवर तीनेक वर्षांचे पोर, पोराची मान तिच्या खांद्यावर पडलेली. चढणीने तिला धाप लागली होती.

"सिस्टर आहेत का?"

तक्तेबाईंनी वर पाहिले. छोटीचा चेहरा दगडासारखा होता. ती उठली, तिने कुलूप काढले.

"सिस्टर नाहीत," ती म्हणाली. "या, बसा. बघते मी."

पोर तापाने फणफणले होते. छोटीने त्याला टेबलावर निजवले, ताप पाहिला, ओल्या फडक्याने अंग पुसले, औषध पाजले आणि आईला सगळे दोनदा समजावून सांगितले. मग तिने कपाटातून नोंदवही काढली, आजची ओळ भरली आणि हात धुवायला मागे गेली. वही टेबलावर उघडीच राहिली होती.

चौतीस वर्षांच्या सवयीने तक्तेबाई वाकून रकाने तपासू लागल्या. कालची शेवटची ओळ: मुलगी, जन्म संध्याकाळी पाच सत्तेचाळीस. सही छोटीची, नेहमीसारखी स्पष्ट. सहीशेजारी हुद्द्याचा रकाना होता. बावीस वर्षे त्या रकान्यात एकच शब्द येत होता. काल तिथे छोटीने शाईने लिहिले होते, रिक्त. त्याखाली आजची ओळ होती, तापाचे पोर, वेळ, औषध, सही. आणि हुद्द्याच्या रकान्यात पुन्हा तेच, त्याच गोल अक्षरात, रिक्त. शाई अजून ओली होती, म्हणून बाईंनी वही मिटली नाही.